चैत्रातला सहावा दिवस

माझी नोकरी शिकवण्याची होती, पण शिकवायला वेळ मिळाला तर. मतदारयादी आली की मास्तरांना बोलवा, देवीची लस आली की मास्तरांना बोलवा, आणि जनगणना आली तर शाळेला कुलूपच. बालाघाटच्या मराठी शाळेत आम्ही तिघंच शिकवणारे उरलो होतो. छप्पन साली राज्य बदललं, नोकऱ्या हिंदीत आल्या आणि दरवर्षी दोन-चार मुलं हिंदी शाळेत जाऊ लागली. त्यामुळे कचेरीची नजर पहिल्यांदा आमच्यावर पडायची. या लोकांना काम तरी काय, असं त्यांना वाटत असावं.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये मी किरनापूरच्या बाजूला जनगणनेला फिरले. एक काम मला चांगलं जमायचं, आणि त्याचा मला गर्व होता हे कबूल करते. खेड्यात कोणाला जन्मतारीख ठाऊक नसायची. मी विचारायची, "लेकरू झालं ते पोळ्याच्या आधी का नंतर? धान कापणं चालू होतं का संपलं होतं?" असं सण आणि शेतातलं काम धरत धरत मी तारखेपर्यंत पोचायची. कोणी तिथी सांगितली तरी सण विचारल्याशिवाय लिहायची नाही, हा माझा नियम होता. माणूस तिथी चुकतो, सण चुकत नाही. कचेरीतले लोक म्हणायचे, "मास्टरनी को भेजो, वो पत्थर की भी जन्मतारीख निकाल लेगी." मला ते आवडायचं.

या कामाला पंचांग लागायचं. आमच्या घरी छप्पनच्या दसऱ्याला धम्म आला आणि पंचांग गेलं. बाबांनी ते स्वतःच्या हातानं रद्दीत घातलं होतं. म्हणून मी नागपूरचं छापील पंचांग शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांखाली ठेवायची. सरकारी कामापुरतं, असं मी मनाला सांगितलं होतं. मायला कळलं असतं तर तिनं चार गोष्टी ऐकवल्या असत्या.

त्याच पावसाळ्यात पूर्व बंगालमधून आलेली काही कुटुंबं गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीनं बालाघाटला आणली. रायपूरकडच्या मोठ्या छावणीत जागा उरली नव्हती म्हणे. गावाबाहेर एक राईस मिल बंद पडली होती, तिच्या गोदामात त्यांना ठेवलं. खांबाखांबाला दोऱ्या बांधून, त्यावर लुगडी टाकून त्यांनी आपापली घरं पाडली होती. त्यांचे फॉर्म भरायचे होते. कोणाला बोलवायचं हा प्रश्न कचेरीला पडला नाही.

फॉर्म हिंदीत होता. नाव, गाव, धंदा, घरातली माणसं, आणि शेवटी एक रकाना, भारतात कधी आलात. सीमेवर मिळालेली चिठ्ठी असली तर तिच्यावरून तारीख उतरवायची, नसली तर विचारून लिहायची. तेव्हा तो रकाना मला इतर रकान्यांसारखाच वाटला होता.

तिसऱ्या खांबाजवळ एक तिशीची बाई आणि तिची सासू राहत होत्या. मी मनातल्या मनात तिला खांबाजवळची म्हणायची आणि इथेही तेच म्हणते. तिनं स्वतःचं नाव सांगायच्या आधी एक आकडा सांगितला. तिचा नवरा वर्षभर आधी आला होता आणि बस्तरकडे जंगल तोडून वसवलेल्या एका गावात त्याला जमीन मिळाली होती. त्या गावांना तेव्हा नावं नव्हती, नुसते नंबर होते. सासू आजारी म्हणून ही मागे राहिली होती. तिनं तो नंबर पाठ केला होता आणि जो कोणी कागद घेऊन येईल त्याला ती तो पहिल्यांदा सांगायची. तिला तिथे जायचं होतं, एवढंच तिचं म्हणणं. सीमेवरची चिठ्ठी तिनं पदराच्या गाठीत बांधली होती. ती भिजून तिचा लगदा झाला होता, तोही तिनं टाकला नव्हता.

"कब आई?" मी विचारलं.

"चैत्र मास," ती म्हणाली. मग एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा वर केला. "छ दिन."

मला हायसं वाटलं. सकाळपासून जे काही कानावर पडत होतं त्यातलं हे पहिलंच माझ्या ओळखीचं होतं. मी पंचांग उघडलं, चैत्र शुद्ध षष्ठी काढली, समोर एक एप्रिल होती, ती लिहिली. सण विचारला नाही. मागे रांग होती, गोदामात ओल्या कपड्यांची वाफ कोंडली होती, माझं डोकं दुखत होतं. चैत्र तर चैत्र, त्यात काय विचारायचं, असं वाटलं. तिनं अंगठा लावला, मी खाली सही केली.

पुढे मी शनिवारी शाळा सुटल्यावर गोदामाकडे जाऊ लागले. कोणी पाठवलं नव्हतं, सवय लागली. ती गावच्या तळ्यातून मूठभर मासळी आणायची आणि खांबाजवळच्या चुलीवर शिजवायची. एकदा मी तिला आमच्या पद्धतीनं करून दाखवलं तर सासूनं एक घास घेतला आणि काहीतरी पुटपुटली. खांबाजवळची हसायला लागली. म्हणाली, "माँ बोलती है, मछली को इतना मिर्ची, वो क्या दुश्मन है?" त्या दोघींत मला बरं वाटायचं. घरी मी कधीच इतकी हसत नसे. नवऱ्याला तिनं माझ्याकडून दोन पत्रं लिहून घेतली, पत्त्यावर गावाचा नंबर टाकून. उत्तर एकदाच आलं, की झोपडी झाली आहे, विहिरीला पाणी लागलं आहे, यावं.

डिसेंबरात लढाई झाली, पंधरा दिवसांत संपली. गावात पेढे वाटले. जानेवारीत गोदामाच्या दारावर यादी लागली.

तेव्हा मला त्या रकान्याचा अर्थ कळला. पंचवीस मार्चच्या आधी आलेला माणूस इथे राहू शकत होता, त्याला जमीनही मिळू शकत होती. पंचवीसनंतर आलेला पाहुणा. पाहुण्याचा देश आता स्वतंत्र झाला, पाहुण्यानं घरी जावं. बाकीच्या कुटुंबांना या तारखेनं फारसा फरक पडत नव्हता, ती एक तर वर्ष-दीड वर्ष आधीची होती किंवा पार वैशाख-जेठातली, आणि त्यातल्या पुष्कळांना परत जायचंच होतं. कात्रीत सापडली ती खांबाजवळची. परत जाणाऱ्यांच्या यादीत तिचं आणि सासूचं नाव होतं.

त्या शनिवारी तिनं मला बसायला गोणपाट टाकलं नाही. उभ्यानंच विचारलं, "दीदी, क्या लिखा था आपने?"

मी सांगितलं, तू सांगितलंस तेच. चैत्राचा सहावा दिवस.

"हाँ. दोल के आठ दिन बाद."

दोल म्हणजे काय ते मला कळेना. तिनं हवेत मूठ उघडून रंग उडवल्यासारखं केलं. होळी.

होळीचा तो आठवडा मला चांगला आठवत होता. धुळवडीला किरनापुरात पोरांनी माझ्या जनगणनेच्या कागदांवर रंग ओतला होता आणि मी दोन दिवस बसून ते सगळे पुन्हा लिहिले होते. होळीनंतर आठ दिवस म्हणजे मी अजून फिरतीवरच होते. पाडवा लांब होता. वीस मार्च. मी बोटांवर तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वीसच आली.

त्यांचा महिना सूर्यावर चालतो आणि मार्चच्या मध्यावर त्यांचा चैत्र लागतो, हे मला नंतर कळलं. पण मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नव्हतं. आमचा चैत्र पाडव्याला लागतो आणि शेजारच्या हिंदीवाल्यांचा होळीच्या दुसऱ्याच दिवशी. या गावात जन्मून ज्याला दोन चैत्र ठाऊक नाहीत तो बालाघाटचाच नव्हे. लहानपणी आम्ही यावरून शेजारणींना चिडवायचो, तुमचा महिना घाईचा म्हणून. एवढं माहीत असताना मी त्या बाईला एक सण विचारला नाही.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. मी लगेच कचेरीत गेले नाही. आधी मुख्याध्यापकांकडे गेले. ते रामपायलीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, भले गृहस्थ.

"बाई, काहून अंगावर ओढून घेता?" ते म्हणाले. "सही तुमची हाय. चुकीची माहिती देल्ली म्हणून तुमाले सस्पेंड करतीन. मंग तुमची माय काय खाईन?"

"सर, पण ते बाई वापस जाईन ना."

"हजारो लोक चालले. आपण काय करतो? तारीख पडली ते पडली. कोनी विचारलं त सांगा, लिपिकीय चूक हाय. मी लिहिलं असं म्हणू नका."

मी चार दिवस गप्प बसले. शाळेत गेले, पाढे घेतले, घरी येऊन जेवले. नोकरीची भीती वाटत होती, हे खरं कारण. घरात मिळवणारी मी एकटी होते. पण कारण खरं असलं म्हणून त्याचं ओझं कमी होत नाही. मूळ चूक नकळत झाली, हे चार दिवस कळून-सवरून गेले.

पाचव्या दिवशी मी अर्ज घेऊन कचेरीत गेले. निर्वासितांचं काम बघणारे साहेब वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि डोळ्यांत झोप. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"आपने कितने फॉर्म भरे?"

"सगळे. सारे."

"तो क्या सब गलत हैं?"

मी म्हटलं, बाकीच्यांना फरक पडत नाही, हा एक दुरुस्त करा. ते म्हणाले, त्यांच्या हातात काही नाही. अर्ज वर जाईल, भोपाळला, तिथून आणखी वर. बरोबर पुरावा लावा, की त्यांचा चैत्र कधी लागतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण हसत हसत म्हणतो. ट्रक यायला तीन आठवडे होते.

गावात एक बंगाली डॉक्टर होते. मी त्यांच्या बायकोकडे गेले. तिच्याकडे बंगाली पंचांग होतं, पण चालू वर्षाचं. जुनं पंचांग घरात ठेवत नाहीत, तिनं ते वैनगंगेत सोडलं होतं. तिचंही बरोबर होतं, आमच्या बाबांनी नाही का रद्दीत घातलं. चालू पंचांगातही चैत्र मार्चच्या मध्यावरच लागत होता, म्हणून मी ते साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी पानं उलटली, अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

"ये तो इस साल का है," ते म्हणाले. "आई तो वो पिछले साल थी न?"

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. सूर्य काय दरवर्षी वेगळा उगवतो? पण मी ओरडले नाही. डॉक्टरांच्या बायकोनं जबलपूरला बहिणीला पत्र टाकलं आणि मागच्या वर्षीचं पंचांग मागवलं. मी नागपूरच्या एका वर्तमानपत्राला अधूनमधून बातम्या पाठवायची, शाळेचे निकाल, वैनगंगेचा पूर, असलं काही. त्यांना मी चार पानं लिहिली. ही तारीख ठरवताना गोदामातल्या बाईचा विचार कोणी केला होता का, चिठ्ठी भिजली त्याची सोय काय, बंगाली न समजणारी मास्तरीण फॉर्म भरायला का बसवली, आणि तिनं चूक केली तर ती निस्तरायची कोणी. माझ्या आयुष्यात मी इतकं रागानं आणि इतकं स्वच्छ कधी लिहिलं नव्हतं. आठवड्यानं अंक आला. माझ्या चार पानांच्या आठ ओळी झाल्या होत्या, चौकटीत, वर मथळा, पंचांगाची गंमत. शेजारी साबणाची जाहिरात होती. मुख्याध्यापकांनी तो अंक घडी करून माझ्या टेबलावर ठेवला.

ट्रक फेब्रुवारीत आले. जबलपूरचं पंचांग त्याच आठवड्यात आलं होतं आणि मी ते अर्जाला जोडलं होतं, पण अर्ज तोवर भोपाळच्या वाटेला लागला होता आणि पंचांग त्याच्या मागे मागे. दुपारची वेळ होती. शिपाई नावं वाचत होता. खांबाजवळचीनं सासूला उचलून आधी चढवलं, मग दोरी सोडून गुंडाळली, मग खांबाजवळची जागा झाडली. का झाडली कोण जाणे, तिथे पुन्हा कोणी राहणार नव्हतं. मी ट्रकजवळ गेले. तिनं माझ्यावर राग काढला असता तर मला उभं राहता आलं असतं. तिनं माझा हात धरला आणि नवऱ्याच्या गावाचा नंबर पुन्हा एकदा सांगितला, जणू मी विसरेन. म्हणाली, "उसको बोलना, मैं चैत्र में ही आई थी."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कचेरीतून मला कागद आला. हिंदीत टंकलेला, खाली शिक्का. वरून आदेश आला होता, तारखेची दुरुस्ती मान्य करण्यात येत आहे, अर्जदाराला अमुक तारखेपर्यंत मूळ कागदांसह हजर करावं. तारीख तेवढी शाईनं भरली होती, इंग्रजी आकड्यांत, 30.6.72. वरातीमागून घोडं. मी साहेबांकडे गेले तर त्यांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, बाई असेल तर आणा, नसेल तर फाइल बंद करतो. मी कागद घरी आणला आणि पेटीत ठेवला. मायनं विचारलं, "कायचा कागद हाय?" मी म्हटलं, काही नाही, शाळेचा.

जुलैत शाळा उघडून आठवडा झाला होता. मधल्या सुट्टीत एक माणूस व्हरांड्यात येऊन उभा राहिला. काटक, काळा, पायात काही नाही, हातात कापडी पिशवी. त्यानं माझ्या हातची दोन पत्रं बाहेर काढली, तेव्हा मला कळलं. फेब्रुवारीपासून तो तिची वाट बघत होता. ट्रक गेल्यावर मी टाकलेलं पत्र त्याला मिळालंच नव्हतं. शेवटी छावणीतल्या कोणीतरी त्याला सांगितलं, की बालाघाटचे लोक परत पाठवले. त्याची रोपं लावायची वेळ होती, तरी तो जमीन शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आला होता.

मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिचा निरोप सांगितला. तो मान हलवत राहिला. मग त्यानं विचारलं, "तारीख किसने लिखा था?"

मुख्याध्यापक वर्गाच्या दारात उभे होते. लिपिकीय चूक, हे शब्द त्यांनी मला पढवलेले होते आणि मला ते पाठही होते.

"मी लिहिली," मी म्हटलं. "मैंने. गलत लिखा. चार दिन चुप भी रही."

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. पाण्याचा गिलास पुसून बाकावर नीट ठेवला. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी यायलाही जागा उरली नाही.

मी घरी जाऊन पेटीतला कागद आणला आणि त्याला वाचून दाखवला. तो एकदम उभा राहिला. म्हणाला, हा कागद मला द्या, मी सीमेवर जातो, तिला घेऊन येतो. हुकूम आहे ना, हजर करा म्हणून. मग शाईच्या आकड्यांवर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण कागदावर काय महत्त्वाचं असतं हे त्याला आता बरोबर कळत होतं.

"ये कब तक है?"

तीस जून होऊन पंधरवडा होत आला होता. त्याला तिकडे जायला, तिला शोधायला, सासूला घेऊन यायला दीड-दोन महिने तरी लागणार होते. मी मुख्याध्यापकांकडे बघितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या माणसाच्या अनवाणी पायांकडे बघितलं, आणि वर्गात जाऊन मोठ्यानं पाढे म्हणून घ्यायला लागले.

मी टाक शाईत बुडवला आणि सहाच्या डोक्यावर एक वळसा दिला. सहाचा आठ झाला. शाईचा रंगही जुळला, कचेरीची आणि शाळेची दौत एकाच दुकानातली. सुकेपर्यंत मी कागद हातात धरून ठेवला.

"अगस्त," मी म्हटलं. "तीस अगस्त."

त्यानं कागद घडी करून पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, उघडून त्या आकड्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"दीदी, अबकी बार ठीक लिखा है न?"

"हौ," मी म्हटलं.